रहस्यकथेतली सरोगसी, आई आणि हरवलेलं मूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकांना कथा पाठवायची वेळ आली की बडोद्यातल्या आणि बाहेरगावच्या मराठी लेखकांकडून आम्हाला एकाच विषयावर प्रश्न येऊ लागतात: दुसऱ्या बाईच्या पोटात वाढलेलं मूल, त्याची आई कोण, आणि ते नाहीसं झालं तर त्याला शोधायचं कुणी. कथानक बहुतेकांकडे तयार असतं. अडतं ते कायद्यापाशी, वैद्यकापाशी आणि गावाच्या नकाशापाशी. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. आयव्हीएफ, सरोगसी आणि दत्तक यांत नेमका फरक काय? माझ्या कथेत तिन्ही आहेत आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आयव्हीएफमध्ये बीजाचं फलन प्रयोगशाळेत होतं आणि तयार झालेला गर्भ आई होऊ इच्छिणाऱ्या बाईच्याच गर्भाशयात ठेवतात. सरोगसीत तोच गर्भ दुसऱ्या बाईच्या गर्भाशयात ठेवतात. आजच्या कायद्यानुसार सरोगेटला स्वतःचं बीज देता येत नाही, त्यामुळे तिचं आणि बाळाचं जनुकीय नातं नसतं. दत्तकात मूल आधी जन्मतं आणि पालक नंतर ठरतात. सरोगसीत गर्भ राहण्याआधीच पालक कागदावर आलेले असतात.

गोंधळ टाळायचा असेल तर लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा: बीज कुणाचं, पोट कुणाचं, कागदावर नाव कुणाचं.

२. सरोगसी म्हटलं की आणंद. मग बडोद्यात कथा घडवली तर खोटी वाटेल का?

नाही वाटणार. आणंद बडोद्याहून गाडीनं तासाभराच्या आत येतं, आणि अहमदाबादकडे जाणारा एक्स्प्रेसवे त्याच्या जवळूनच जातो. आणंदचं नाव गाजलं ते २००४ मध्ये, एका आजीनं तिथे आपल्याच मुलीची जुळी बाळं पोटात वाढवून जन्माला घातली तेव्हा. पुढच्या दहा-अकरा वर्षांत परदेशी जोडप्यांची तिथे रीघ लागली. गावोगावच्या बायका गर्भारपणाचे महिने एकत्र, वसतिगृहासारख्या घरात काढत. कुणी घराच्या छपरासाठी, कुणी मुलांच्या फीसाठी, कुणी नवऱ्याच्या कर्जासाठी.

म्हणून आणंद बाळाच्या जन्माचं गाव आणि बडोदा ते मोठं होण्याचं गाव अशी वाटणी फार सोयीची पडते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातलं मराठी घर, शेजारी गुजराती कुटुंब, आणि तासाभरावर असलेली एक बाई, जिचा पत्ता या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. एवढ्या अंतरावर माणूस रोज विसरता येतो आणि हवं तेव्हा पोहोचतोही.

३. सरोगेटला पैसे मिळतात असं दाखवलं तर चूक होईल का?

कथा कोणत्या साली घडते त्यावर आहे, आणि सर्वांत जास्त कथा इथेच घसरतात. २००५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती कायदा नव्हती. व्यवहार करारावर चालत. २०१५ च्या अखेरीस परदेशी जोडप्यांसाठी हे दार बंद झालं. सरोगसी नियमन कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तेव्हापासून औषधोपचाराचा आणि विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा याखेरीज सरोगेटला मोबदला देता येत नाही. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा २०११ च्या कथेत पैशाचं पाकीट साध्या व्यवहाराचं असतं, २०२४ च्या कथेत तेच पाकीट गुन्ह्याचा पुरावा होतं. दोन्ही काळ एका कथेत आणलेत तर आणखी छान. सात-आठ वर्षांच्या मुलाचा जन्म कायद्याआधीचा, तपास कायद्यानंतरचा. जुन्या गोष्टीकडे सगळे नव्या भीतीनं बघतात आणि जे लपवायची गरज नव्हती तेही लपवतात.

४. आज सरोगेट कोण होऊ शकते, आणि सरोगसी कुणाला करता येते?

सरोगेट २५ ते ३५ वर्षांची, विवाहित किंवा पूर्वी कधी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं आणि गर्भ ठेवण्याचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन. ती जवळची नातेवाईक असायला हवी ही अट आधीच्या विधेयकात होती, कायद्यात ती राहिली नाही. पुष्कळ लेखक अजून जुन्याच बातमीवर विसंबतात.

मूल हवं असलेल्या जोडप्यात पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा असावा लागतो. त्यांना हयात मूल नसावं. मूल मतिमंद किंवा अपंग असेल, किंवा त्याला जिवावरचा आजार असेल, तर अपवाद. एकटी बाई विधवा किंवा घटस्फोटित आणि ३५ ते ४५ वर्षांची असेल तर चालते. अविवाहित बाई, एकटा पुरुष, लग्न न करता एकत्र राहणारे, समलिंगी जोडपं यांना परवानगी नाही.

खलनायक शोधत बसण्यापेक्षा या यादीतून वगळलेल्या माणसांकडे बघा. मुलासाठी खोटं लग्न लावणारी, वय लपवणारी, घटस्फोट कागदावरच घेणारी माणसं वाईट असायची गरज नाही, आणि त्यांचं एक खोटं पुढच्या प्रत्येक प्रकरणाला पुरतं.

५. बाळंतपणानंतर सरोगेट म्हणाली, “मी बाळ देणार नाही,” तर ती कायद्यानं आई ठरेल का?

आजच्या कायद्यानुसार नाही. गर्भधारणेच्या प्रक्रियेआधीच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश घ्यावा लागतो. त्यासाठी अर्ज जोडपं आणि सरोगेट मिळून करतात, आणि जन्मानंतर तोच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र मानला जातो. जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं जैविक मूल समजलं जातं. सरोगेटला माघार घेता येते ती गर्भ गर्भाशयात ठेवण्याच्या क्षणापर्यंत. गर्भपात मात्र तिच्या लेखी संमतीशिवाय होऊ शकत नाही.

म्हणजे कोर्टातला “बाळ कुणाचं” हा मोठा सामना आजच्या काळातल्या कथेत उभा राहणार नाही. तो निकाल आधीच लागलेला आहे. उरतं ते तिच्या मनात आणि शरीरात, आणि कथेनं तिथे जायला हवं.

६. शरीर म्हणजे काय? जनुकीय नातं नाही म्हटल्यावर सरोगेटकडे पुरावा तरी काय उरतो?

भरपूर उरतो, आणि या विषयातला सर्वांत समृद्ध भाग मला हाच वाटतो.

पहिली गोष्ट दूध. वार पडली की दोन ते चार दिवसांत बाईला दूध येतं. बाळ जवळ आहे की नाही याची शरीराला दखल नसते. ते थांबवायला कॅबरगोलिनसारखी गोळी देतात. कपाटात सापडलेलं या गोळीचं जुनं प्रिस्क्रिप्शन, त्यावरची तारीख, आणि त्या घरात त्या वर्षी बाळ जन्मल्याची कुठेच नोंद नाही: तपासाला एवढा धागा पुरे. उलट, गर्भ न राहिलेल्या आईलाही औषधं आणि पंपाच्या मदतीनं दूध आणता येतं. म्हणून “तिनं पाजलं म्हणजे तीच बाळंतीण” असं तुमच्या पोलिसाला वाटलं तर त्याची फसगत होऊ द्या.

दुसरी गोष्ट पेशींची. गर्भाच्या काही पेशी वाहून आईच्या रक्तात जातात आणि वर्षानुवर्षं टिकतात. बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या आहेत. बीज दुसऱ्या बाईचं असलं तरी हे घडतं. नेहमीच्या डीएनए चाचणीत त्या दिसत नाहीत, त्यामुळे पोलीस ठाण्यातल्या रिपोर्टात हा मुद्दा घालू नका. एखाद्या डॉक्टर पात्राच्या तोंडी मात्र तो शोभेल.

तिसरी गोष्ट बाळंतपणाच्या घरगुती खुणा. शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिना. सरोगेटच्या वाट्याला यातलं काय आलं? पाचवीला सटवीची पूजा कुणाच्या घरी झाली, आणि आणंदजवळच्या त्या घरात त्या रात्री कोण जागं होतं? मराठी घरात वाढलेल्या लेखकाला हे विचारायला डॉक्टरची गरज नाही.

७. रक्तगटावरून “हे मूल यांचं नाहीच” असं सिद्ध करता येईल का?

जपून. एबी गटाच्या मुलाची आई ओ गटाची निघाली की वाचक लगेच म्हणतो, मूल बदललं. सरोगसीत त्या विसंगतीचा काही अर्थ नाही, कारण रक्तगट बीज देणाऱ्यांकडून येतो. बीजही तिचंच असेल तर बॉम्बे रक्तगट आठवा. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये मुंबईत शोधला. साध्या तपासणीत हा माणूस ओ गटाचा दिसतो, पण त्याच्याकडे ए किंवा बी गटाचं जनुक असू शकतं आणि ते मुलात उतरू शकतं. अर्ध्या कथेपर्यंत नवऱ्याला बायकोचा संशय यावा आणि शेवटी ती निर्दोष ठरावी, यासाठी इतकं खरं साधन क्वचितच मिळतं. हा रक्तगट अतिशय दुर्मिळ आहे. म्हणून मुलाला रक्त चढवायची वेळ आल्यावर तो उघड झाला तर घटनाही पुढे सरकते.

८. मूल हरवलं की पोलीस २४ तास थांबायला सांगतात. मी तसाच प्रसंग लिहिलाय. बरोबर ना?

चूक, आणि ही चूक कृपया काढा, कारण वाचणाऱ्या एखाद्या आईवर खरी वेळ येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी आहे असं धरूनच तपास करायचा. थांबायचं नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. मदतीसाठी क्रमांक १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत).

आळशी हवालदार दाखवायचाच असेल तर त्याला नियम मोडताना दाखवा. नियमच तसा आहे असं वाचकाला वाटू देऊ नका. चार महिन्यांची ती मुदत मात्र कथेला जरूर वापरा: तपास नव्या माणसाकडे जातो, तो सगळे जबाब पहिल्यापासून वाचतो, आणि घरच्यांना पुन्हा तेच सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सांगताना जो बदल होतो तिथे उकल असते.

९. बडोद्यात मूल नेमकं कुठे हरवावं?

कमाटीबागेची कल्पना सर्वांना सुचते आणि ती वाईट नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेली ही बाग, आत प्राणिसंग्रहालय आणि १८९४ च्या इमारतीतलं संग्रहालय, जिथे निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्या सांगाड्याखाली उभं राहिलेलं मूल वर बघत राहतं आणि मोठ्यांचा हात सुटतो, हे अगदी खरं वाटतं. बागेतून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. बडोद्याचा वाचक “नदीकाठी चप्पल सापडली” एवढं वाचून मगरीचाच विचार करेल. त्या भीतीचा उपयोग करा, पण मुलाला मगरीच्या तोंडी देऊन सुटका करून घेऊ नका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या. ते दिवस निवडलेत तर दिवे, फोन, रस्ते सगळंच ठप्प होतं आणि कुणाचीही साक्ष तपासता येत नाही.

मला स्वतःला नवरात्र जास्त प्रभावी वाटतं. बडोद्याच्या मोठ्या गरब्यात हजारो माणसं वर्तुळात फिरतात. मूल कडेला आजीजवळ बसलेलं असतं, आई प्रत्येक फेरीला ते आहे ना हे बघते, आणि एका फेरीला जागा रिकामी असते. त्या गर्दीत चनियाचोळीतली कोणतीही बाई कोणत्याही मुलाला कडेवर घेऊन गेली तर कुणी अडवत नाही.

जुन्या गावात घडवायचं असेल तर मांडवीभोवतीचे पोळ (जुन्या वस्तीतले बंदिस्त मोहल्ले) आणि गल्ल्या, लहरीपुरा दरवाजा, सूरसागराचा काठ. आणि स्टेशन कधी विसरू नका. इथून मुंबई, अहमदाबाद, रतलाम-दिल्ली अशा दिशांना गाड्या सुटतात, काही तासांत राज्य बदलतं. रस्त्यानं गेलं तर टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद राहते, त्यामुळे हुशार अपहरणकर्ता गाडीपेक्षा रेल्वेचा साधा डबा निवडेल.

१०. मूल सरोगेटनंच पळवलं, हा शेवट कसा वाटतो?

सर्वाधिक येणारा शेवट हाच आहे आणि मी दरवेळी लेखकाला थांबवतो. गरीब बाई, पोट दुसऱ्यासाठी वाढवलेली, म्हणून तिचं डोकं फिरलं आणि तिनं मूल नेलं. वाचकाला हे पहिल्या पानावरच वाटलेलं असतं. शिवाय यात तिला एकच इच्छा ठेवली जाते, बाळ. खऱ्या आयुष्यात तिला स्वतःची मुलं असतात (प्रश्न ४ पाहा), त्यांच्या परीक्षा असतात, सासू असते, छपराचे पत्रे असतात. तिला कदाचित बाळ नकोच असेल. तिला फक्त ते जगलं का एवढं कळायला हवं असेल, आणि तेही तिला कुणी कळवलेलं नसेल.

कायद्यानंही तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं आहे. बेकायदा सरोगसी उघड झाली तर तिच्यावर नवऱ्यानं, जोडप्यानं किंवा नातेवाइकानं सक्ती केली असंच न्यायालय आधी गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. तपास अधिकाऱ्याला हे माहीत असेल तर तो तिच्या दारात पहिल्या दिवशी आरोपीसारखा जाणार नाही. घरचे मात्र तिचंच नाव पुढे करतील. या दोहोंमधल्या ताणावर एक अख्खी कथा उभी राहते.

तिनं मूल नेलं असंच हवं असेल, तर तिला कारण द्या: तिला त्या घरातलं काही ठाऊक होतं जे बाकी कुणाला नव्हतं.

११. वडिलांनी किंवा आईनंच मूल नेलं, तर तो अपहरणाचा गुन्हा होतो का?

बहुतेक वेळा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना मूल नेणं हा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण आई आणि वडील दोघंही नैसर्गिक पालक असतात, त्यामुळे न्यायालयाचा ताब्याचा आदेश नसेल तर मामला साधारणपणे कुटुंब न्यायालयाकडे जातो. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे.

याच कलमात एक अपवाद आहे जो कथाकारांनी जरूर वाचावा: मुलाच्या ताब्याचा आपल्याला हक्क आहे असं प्रामाणिकपणे मानणाऱ्या माणसाला हा गुन्हा लागत नाही, हेतू अनैतिक किंवा बेकायदा नसेल तर. “प्रामाणिकपणे मानणं” कुणाच्या बाबतीत टिकेल? २०१० मध्ये तोंडी कबुलीवर बाळ देणाऱ्या बाईच्या बाबतीत? मुलाला जन्मापासून सांभाळणाऱ्या आत्याच्या बाबतीत?

१२. मूल किती वयाचं घ्यावं? आणि त्याच्या नजरेतून लिहावं का?

तान्हं बाळ घेतलंत तर ते पळवता येतं, पण ते काही करत नाही. माझा आग्रह पाच ते आठ वर्षांचा आहे. त्या वयाचं मूल स्वतः निर्णय घेतं, खोटं बोलतं, खिशात काहीतरी लपवतं. मोठेपणी बहुतेकांना आठवतं ते साडेतीन वर्षांच्या पुढचंच, त्यामुळे “मला जन्माच्या वेळचं सगळं आठवतं” असं पात्राला म्हणायला लावू नका.

बडोद्याचं मराठी मूल घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत आणखी तिसरं बोलतं. फोनवर आलेल्या आवाजाशी ते कोणत्या भाषेत बोललं, हे शेजारच्या काकूंनी ऐकलेलं असू शकतं. काकूंना बोलणं कळलं नसेल, पण आवाजाचा सूर ओळखीच्या माणसाशी बोलताना असतो तसा होता, एवढं त्या नक्की सांगतील.

१३. देवकी-यशोदेचा संदर्भ वापरू का?

वापरू नका, फार झिजलाय. पुराणातलंच हवं असेल तर रोहिणीकडे जा. देवकीचा सातवा गर्भ तिच्या पोटातून काढून रोहिणीच्या पोटात ठेवला गेला, म्हणून बलरामाला संकर्षण म्हणतात. देवकीच्या घरी तो गर्भ गळाला असंच सगळ्यांनी मानलं. एका घरात न झालेला जन्म, दुसऱ्या घरात झालेला.

१४. शेवटी मूल सापडलंच पाहिजे का?

नाही, पण वाचकाला मूल गेल्याचा धक्का देऊन पान उलटायला लावू नका. मूल मेलेलं दाखवणार असाल तर त्याआधी ते जिवंत माणूस म्हणून पानावर यायला हवं, त्याची आवड, त्याचा हट्ट, त्याचं एखादं वाक्य. हरवलेल्या मुलाचे आईबाप ही कथा वाचणार आहेत असं समजून लिहा. ते वाचतातही.

१५. मूल मोठं झाल्यावर स्वतःच आपल्याला वाढवणाऱ्या पोटाचा शोध घेतं. नोंदी मिळतील का?

कायद्यानंतरच्या जन्मासाठी नोंदी २५ वर्षं जपणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. म्हणजे तेविसाव्या वर्षी शोध सुरू केला तर कागद अजून असायला हवेत आणि घड्याळ चालू आहे. कायद्याआधीच्या मुलासाठी असं बंधन नव्हतं, तिथे बंद पडलेलं क्लिनिक आणि निवृत्त नर्स यांच्यावर भिस्त.

त्या काळातलं एक खरं प्रकरण २००८ चं आहे. आणंदमध्ये जपानी जोडप्यासाठी बाळ जन्मलं, पण जन्माआधीच त्यांचा घटस्फोट झाला. बीज देणारी अनामिक, पोटात वाढवणारी वेगळी, मूल मागवणारी पत्नी बाजूला झालेली. तीन बायका, आणि बाळाच्या कागदावर लिहायला आई नाही. शेवटी आजी जपानहून आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशी कागदी कोंडी कथेत हवी असेल तर वर्ष २०२२ च्या आधीचंच ठेवा.

१६. जुळी झाली आणि एक बाळ लपवलं, हा धक्का चालेल का?

चालवणं कठीण आहे. आता नियमानं एकच गर्भ ठेवतात, विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. एकाच गर्भाचे दोन होऊ शकतात, तेव्हा जुळी अशक्य नाहीत. पण गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म एफ (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातला नोंदीचा अर्ज) भरावा लागतो आणि तो दोन वर्षं ठेवावा लागतो. दोन ठोके दिसलेला माणूस एकटा नसतो: सोनोग्राफी करणारे डॉक्टर, बाळंतपण करणारे डॉक्टर, भूल देणारे, परिचारिका, बालरोगतज्ज्ञ. सगळ्यांना विकत घेतलेलं दाखवलं तर वाचक पुस्तक मिटेल. एकाच माणसाला गप्प करून भागेल अशी जागा शोधा. उदाहरणार्थ, सातव्या महिन्यात दुसऱ्या गावी अचानक झालेली प्रसूती, जिथे आधीचा एकही रिपोर्ट सोबत नव्हता. आणि सरोगेट त्या वेळी शुद्धीवर होती की नाही हे पहिल्या मसुद्यातच पक्कं करा, कारण तिनं दोन रडणी ऐकली असतील तर ती पुढे काय करते यावर तुमचं सगळं कथानक अवलंबून राहणार आहे.